कपाटातली आत्या आणि कौशल्यांचा विकास

"अभ्यास? या पेपराला अभ्यास लागतच नाही!" परीक्षेच्या आदल्या दुपारी डायरेक्टरनं खुर्चीवर मांडी ठोकून जाहीर केलं. "अख्खा पेपर माझ्यावरच आहे. माझ्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?"

तसं ते खरंच होतं. माध्यमशास्त्राच्या शेवटच्या पेपरात एकच लांबलचक प्रश्न असायचा. तुम्ही जे दोन प्रकल्प केलेत, ते करताना तुमची कौशल्यं कशी वाढली, हे उदाहरणं देऊन लिहा. सनावळ्या नाहीत, व्याख्या नाहीत, आकृत्या नाहीत. विद्यार्थी हेच पाठ्यपुस्तक! अडचण एवढीच, की डायरेक्टरनं हे पाठ्यपुस्तक आजवर उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

'डायरेक्टर' हे नाव बाबांनी ठेवलेलं, आणि कौतुकानं मुळीच नव्हे. बाबा नळदुरुस्तीची कामं करत. ज्या कामात कोपरापर्यंत हात ओले होत नाहीत ते काम नसून छंद असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यात डायरेक्टर या पेपरात एकदा गचकलेला. पहिल्या खेपेला त्यानं 'माझी कौशल्ये खूप वाढली' एवढं एक वाक्य लिहून उरलेले पावणेतीन तास खिडकीबाहेर बघितलं होतं. प्रकल्पांचे गुण शाबूत होते, पेपर तेवढा पुन्हा द्यायचा होता. या वेळीही दांडी उडाली, तर अभ्यासक्रम बंद आणि निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून बाबांच्या मागे पाइप खांद्यावर, असं घरात ठरलं होतं. आत्यानं तर त्याच्या मापाचा कामाचा निळा डगलाही शिवून ठेवला होता.

"आणि पास झालो तर?" डायरेक्टरनं विचारलं होतं.

"तर उशांचे अभ्रे करीन. आपल्याकडे कापड वाया जात नाही," आत्या म्हणाली होती. बाबांची ही बहीण शिवणकाम करायची, आणि ती बोललेलंही माप घेऊनच बोलायची.

तर डायरेक्टरनं वही उघडली आणि दोन चौकोन आखले. पहिल्यात लिहिलं: 'संगीताच्या मासिकाचं मुखपृष्ठ. वीसपैकी अठरा.' दुसऱ्यात लिहिलं: 'दाराआड, दोन मिनिटांचा थरारपट. वीसपैकी अकरा.'

तो बराच वेळ बघत बसला. मग त्यानं वही उलटी धरली. तशी धरली की विकास दिसत होता.

"हा विकास नाही, घसरगुंडी आहे," मागून धाकटी बहीण म्हणाली. वय चौदा, जीभ चाळिशीची.

"पहिल्याच झटक्यात अठरा मिळाले त्याला मी काय करू? मुळातच प्रतिभा असली की..."

"तीस फोटोंतला फोटो मी निवडला. अक्षरं मोठी करायला मी सांगितलं. तू पिवळ्यावर पांढरी अक्षरं टाकणार होतास!"

"त्याला सहकार्य म्हणतात. तेही कौशल्यच आहे!"

"मग अठरातले सतरा माझे."

डायरेक्टरनं तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि थरारपटावर मोर्चा वळवला. त्या पटाची कथा साधी होती. एक माणूस अंधाऱ्या खोलीत येतो. कपाटाचं दार हळूहळू उघडतं. आतून कात्री धरलेला हात बाहेर येतो. समाप्त! माणूस म्हणजे बाबा, हात म्हणजे आत्या, आणि अंधार म्हणजे पडदे. आता त्यातले निर्णय आठवायचे आणि लिहायचे. डायरेक्टरनं झोकात सुरुवात केली:

'चित्रपटात मी कॅमेरा तिरका ठेवला, कारण समाजाचा तोल ढळला आहे.'

"कॅमेरा इस्त्रीच्या टेबलावर होता," धाकटी म्हणाली. "टेबलाचा एक पाय आखूड आहे."

'पात्राचा चेहरा मी दाखवला नाही, कारण आजच्या माणसाला चेहरा उरलेला नाही.'

"बाबांनी तोंड दाखवायला नकार दिला होता. गिऱ्हाइकं हसतील म्हणाले."

'शेवटी मी संपूर्ण शांतता वापरली, कारण...'

"माइक लावायला विसरलास."

डायरेक्टरनं पेन खाली ठेवलं. नाचता येईना अंगण वाकडं हे त्यानं ऐकलं होतं, पण इथं वाकडं अंगण हाच नाच म्हणून खपवायचा होता! शिवाय धाकटी म्हणत होती ते बरोबर असेल, तर चित्रपटात त्यानं स्वतः काय केलं होतं? त्याला खरोखरच काही आठवेना.

तेवढ्यात बाबा कामावरून आले. पोराचा चेहरा पाहून त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावता लावताच निदान केलं.

"आठवत नाही? आठवून काय होणार? गळती कुठं आहे, हे खुर्चीत बसून कळत नसतं. पाणी सोडून बघावं लागतं!"

"म्हणजे?"

"म्हणजे जे केलं होतं ते सगळं परत करायचं. जसंच्या तसं. जिथं गळेल तिथं बोट ठेवायचं आणि लिहून काढायचं."

वीस वर्षांत या पद्धतीनं बाबांनी शहरातली निम्मी न्हाणीघरं दुरुस्त केली होती आणि उरलेल्यांपैकी काही भिजवली होती. डायरेक्टरला मात्र कल्पना भलतीच आवडली. माध्यमशास्त्र सोडून दुसरं काहीतरी करायला मिळत असेल तर ते त्याला नेहमीच आवडायचं.

पाच मिनिटांत बाहेरच्या खोलीत पडदे ओढले गेले. इस्त्रीचं टेबल आलं. त्यावर कॅमेरा आला आणि आपोआप समाजाचा तोल ढळला. आत्या शिलाई यंत्रावरून उठायला तयार नव्हती.

"मला पाच पँटी द्यायच्या आहेत उद्या. तुझ्या परीक्षेला माझा हात कशाला हवा?"

"आत्या, तो हात म्हणजे चित्रपटाचा आत्मा आहे!"

"आत्मा सहाच्या आत मोकळा कर," असं म्हणून आत्या कात्रीसकट कपाटात शिरली. कपाट जुनं, शिसवी, माणूस उभा राहील एवढं. बाबांनी दार लावलं.

खट्!

आवाज फार छान आला. धाकटीनं मानही डोलावली. "हा आवाज त्या वेळी नव्हता आला हं!"

"नव्हता?" बाबा म्हणाले. मग त्यांचा हात सावकाश कपाळाकडे गेला. "नव्हताच येणार. त्या वेळी मी खटका काढून ठेवला होता. शूटिंग झाल्यावर परत बसवला. नवीनच आणून बसवला. चांगल्यातला."

"मग मूठ फिरवा," धाकटी म्हणाली.

बाबांनी मूठ फिरवली. मूठ आज्ञाधारकपणे निघून त्यांच्या हातात आली.

तिघंही मुठीकडे बघत राहिले.

"ॲक्शन म्हणा ना!" आतून आत्या ओरडली. "मी हात काढू कधी?"

"आत्या, थोडं थांब. आम्ही जरा... चिंतन करतोय."

"अण्णा!" आत्याच्या आवाजात धोक्याची घंटा वाजली. "दार उघड!"

"उघडतोय, उघडतोय. माझ्या हाताखाली आजवर एक दार अडलेलं नाही."

"तू नळवाला आहेस!"

बाबांनी पाना आणला. मग मोठा पाना. मग गंज सोडवायचं तेल, जे कपाटाखालून वाहत जाऊन इस्त्रीच्या टेबलाच्या आखूड पायाशी थांबलं. डायरेक्टर मात्र हाती आलेली संधी सोडणार नव्हता. वही घेऊन तो कपाटाच्या फटीशी बसला.

"आत्या, आत आहेसच तर सांग. आपण त्या वेळी प्रकाशयोजना कशी केली होती?"

"प्रकाश? मेल्या, इथं माझा मला हात दिसत नाहीये!"

"म्हणजे अंधाराचा प्रभावी वापर," डायरेक्टरनं लिहून घेतलं. "आणि भूमिकेची तयारी?"

"बाहेर येऊ दे, मग तुझी तयारी करते!"

'कलाकारांशी संवाद साधण्याचे कौशल्य,' त्यानं लिहिलं आणि जरा विचार करून खोडलं.

आता बाबांनी बिजागरीकडे मोर्चा वळवला. बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या. आतल्या बाजूला आत्याही होती. म्हणून त्यांनी वरच्या फटीतून तिला टॉर्च आणि पेचकस दिला आणि बाहेरून सूचना सुरू केल्या. "डावीकडे फिरव! माझ्या डावीकडे नव्हे, तुझ्या!" "माझी डावी तुझ्या कुठं येते?" असं दहा मिनिटं चाललं. शेवटी एक स्क्रू निघाला. तो बिजागरीचा नव्हता. आतला कपडे टांगायचा दांडा चौदा कोटांसह खाली आला.

"आत्या?"

"आहे," दबलेला आवाज आला. "कोटांखाली आहे."

धाकटीनं कोणालाही न विचारता अग्निशमन दलाला फोन लावला.

दहाव्या मिनिटाला घंटा घणघणत लाल गाडी दारात! चार जवान, शिरस्त्राणं, कुऱ्हाड, नळी आणि एक अंमलदार. आणि नेमकी तेव्हाच दवाखान्यातली पाळी संपवून आई घरी आली. तिनं गाडी पाहिली, नळी पाहिली, हातातली पिशवी टाकली.

"काय पेटलं गं?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. "डायरेक्टर अभ्यास करतोय."

जवानांनी एक चपटी पहार फटीत घातली, एक हिसका दिला आणि दार उघडलं. एवढंच! बाबांना तो हिसका फार लागला. आत्या बाहेर आली. केस विस्कटलेले, हातात कात्री, डोळ्यांत जाळ. आयुष्यात पहिल्यांदा 'दाराआड' पाहून कोणीतरी खरंच घाबरलं. एक जवान दोन पावलं मागे सरला.

मग अंमलदारानं एक छापील कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

"हं. काय करायचं ठरलं होतं?"

"काही नाही हो," बाबा म्हणाले. "ही सहज कपाटात गेली होती."

"सहज?"

"हवापालट म्हणून."

अंमलदारानं पेन थांबवलं. "काका, आम्ही कोणाला फासावर देत नाही. पण मी इथं 'सहज' असं लिहिलं, तर पुढच्या वेळी असल्या दारासाठी कोणतं हत्यार आणायचं ते आम्हाला कळणार नाही. जे झालं ते सांगा. काय ठरलं होतं? प्रत्यक्षात काय झालं? कशामुळे झालं? आणि पुढच्या वेळी काय वेगळं कराल?"

डायरेक्टरचे डोळे बशीएवढे झाले. "परत म्हणा!"

"काय?"

"ते चार प्रश्न! परत म्हणा!"

कॉलेजातल्या बाई वर्षभर घसा फोडून हेच सांगत होत्या. पण त्यांच्या मागे कुऱ्हाड घेतलेला माणूस उभा नव्हता, म्हणून ते डोक्यात शिरलं नव्हतं. डायरेक्टरनं अंमलदाराच्या खांद्यावरून वाकून चारही प्रश्न उतरवून घेतले. मग बाबांना मध्ये बोलू न देता घडाघडा सगळं सांगितलं. खटका, मूठ, तेल, डावं-उजवं, चौदा कोट. अंमलदारानं मान हलवली.

"इतकं स्वच्छ कोणी सांगत नाही. लोक फार सजवतात."

त्या संध्याकाळी डायरेक्टरनं समाजाचा ढळलेला तोल फाडून टाकला. नवीन पानावर लिहिलं: 'कॅमेरा सरळ ठेवायचा ठरलं होतं. तिरका राहिला. टेबलाचा पाय आखूड होता आणि मी तपासला नाही. पुढच्या वेळी तपासीन.' माइकचंही तसंच. पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरांचंही. मुखपृष्ठातले सतरा गुण त्यानं धाकटीच्या नावावर लिहिले, तेव्हा ती गडबडून म्हणाली, "सोळा लिही. फोटो काढलास तूच."

आत्यानं पँटी शिवता शिवता एकदा विचारलं, "माझं नाव घालणार आहेस का त्यात?"

"घालू?"

"घाल. पण कोटांचं नको."

दुसऱ्या दिवशी पेपर झाला. या वेळी त्यानं खिडकीकडे पाहिलंही नाही. पुरवण्या तीन लावल्या!

महिन्याभरानं निकाल लागला. तपासलेला पेपर परीक्षकांच्या शेऱ्यासह घरी आला. सगळे टेबलाभोवती जमले. धाकटीनं डायरेक्टरच्या हातातून पाकीट ओढून फाडलं आणि मोठ्यानं वाचलं:

"'आपल्याला काय काय येत नव्हते, हे विद्यार्थ्याने अत्यंत मुद्देसूद, सोदाहरण आणि प्रामाणिकपणे सिद्ध केले आहे. उत्तीर्ण.'"

घरात एकच जल्लोष झाला! आईनं त्याला जवळ घेतलं. आत्यानं पाठीत धपका घातला, प्रेमाचाच, पण मापानं. आणि बाबांनी पेपर हिसकावून घेऊन तडक फोन उचलला. काका, मामा, मावशी, झाडून सगळ्यांना फोन! दर वेळी घसा साफ करून ते परीक्षकांचा शेरा वाचून दाखवत होते: "ऐक, काय लिहिलंय! 'अत्यंत मुद्देसूद, सोदाहरण आणि प्रामाणिक!' हो हो, आपल्याच पोराबद्दल!"

चौथ्या फोनानंतर डायरेक्टरला राहवेना.

"बाबा, सुरुवातीचंही वाचा ना. ते 'येत नव्हते' वगैरे."

बाबांनी फोनवर हात ठेवला आणि त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"दोन वर्षं शिकलास ना रे? नको तो भाग कापून टाकायचा, यालाच एडिटिंग म्हणतात!"