अकरा थेंबांचा फराळ

मुलांच्या पोटात काय जाते यावर राष्ट्राचे आरोग्य अवलंबून असते, आणि काय जाते हे फक्त आईलाच ठाऊक असते (वडिलांनी गुपचूप बिस्किटे दिल्यास तिलाही नसते). म्हणून यंदाच्या दिवाळीत आमच्या घरी वेलची बंद करण्यात आली. वेलचीवर लेबल नसते. ती कोणी तोडली, त्याने हात धुतले होते का, काहीच कळत नाही. तिच्या जागी इसेन्शियल ऑइल, म्हणजे लेबल लावलेल्या बाटल्यांतले सुगंधी अर्क, आले.

रागिणी मॅडमच्या 'थेंब परिवार, अमरावती' या व्हॉट्सॲप गटाची पुस्तिका सांगते, की एक थेंब पूर्णपणे सुरक्षित आहे. मी मर्यादा ओलांडणारी बाई नव्हे. करंजीच्या सारणात प्रत्येक बाटलीतला एकच थेंब टाकला. बाटल्या अकरा होत्या.

अकोल्याहून आलेल्या सासूबाईंनी, पार्बताबाईंनी, गुडघ्याला बाम चोळणे थांबवून एक बाटली उजेडात धरली. "संत्र्याच्या गावात राह्यतं, अन् संत्र्याचा वास बाटलीतून आनतं? अन् हे निलगिरी काहून? करंजीले सर्दी झाली का?"

(सासूबाई गटात नाहीत.)

प्रश्न वेगळाच होता. तीन वर्षांच्या गीतांजलीला ही करंजी द्यावी की नाही? तिला मी शेंगदाणासुद्धा सोलून, दोन भाग करून, वास घेऊन देते. तेव्हा रीतसर चाचणी ठरली. पहिली नवऱ्यावर, म्हणजे गोपालवर (वजन ब्याऐंशी किलो, विमा आहे). त्याने अर्धी खाल्ली.

"कसं वाटते?"

"नाक मोकळं होऊन राहिलं."

निकाल उत्साहवर्धक होता, पण एका नवऱ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. मग बडनेऱ्यापासून चांदूर बाजारपर्यंत तेवीस घरी फराळाची ताटं पाठवली आणि दोन दिवस फोनजवळ बसून राहिले.

अहवाल आले. 'फार छान': तेवीस. उलटी: शून्य. पुरळ: शून्य. 'पोरांनी तर डबाच संपवला': एकोणीस. रेसिपी मागणारे: शून्य (सणाची घाई). शेजारच्या शाहीनभाभी म्हणाल्या, "क्या खुशबू है बाई, पूरे जिने में फैली!"

यापेक्षा भक्कम पुरावा आईने आणखी कुठून आणावा? भाऊबीजेला सकाळी मी देवाचे नाव घेऊन गीतांजलीला एक घास भरवला. तिने चावला. थांबली. मग जिभेने बाहेर ढकलून माझ्याच तळहातावर ठेवला.

"आई, हे आजीच्या गुडघ्यासारखं लागते."

"चाल माय," म्हणत पार्बताबाईंनी तिला उचललं, "तुले गूळपोळी देतो."

तेवीस घरे एकीकडे आणि एक पोर दुसरीकडे. काहीतरी चुकत होते. मी सगळे अहवाल पुन्हा तपासायला घेतले. त्यात तुमचाही फोन नोंदलेला आहे. तुमच्याच शब्दावर मी लेकीच्या तोंडात घास घातला होता. "करंजी अप्रतिम," तुम्ही म्हणालात, "अन् चकली तर काय खुसखुशीत!"

चकली आम्ही यंदा केलीच नव्हती.