शांतवन काकांची एक लहानशी दुरुस्ती

मेल्यावर तरी माणूस परीक्षेतून सुटतो, अशी माझी समजूत होती. शांतवन काकांनी ती राहू दिली नाही. दर शनिवारी सकाळी हे गृहस्थ गळ्याला मफलर आणि खांद्याला शबनम लावून आमच्या नाशिकरोडच्या ख्रिस्ती कबरस्तानात जातात. शबनममध्ये एक भिंग, एक तांबडी पेन्सिल आणि पोळीभाजीचा डबा. लोक कबरस्तानात फुलं नेतात, चार अश्रू ढाळतात, तेही जमलं नाही तर निदान चेहरा पाडतात. काका फाटकाजवळच्या पहिल्या कबरीपासून सुरुवात करून ओळीने दगड वाचत जातात. शुद्धलेखनासाठी. आणि बायबलच्या वचनासाठी. वचनात काना-मात्रा इकडचा तिकडे झाला असेल, तर मयताच्या घरी त्याच दिवशी संध्याकाळी बेल वाजते.

"एक लहानशी दुरुस्ती होती," काका दारातच सांगतात.

काकांची लहानशी दुरुस्ती कधी अर्ध्या तासाखाली आटोपलेली मला माहीत नाही. तेवढ्यात दोनदा चहा होतो आणि विधवा बाईला पुन्हा एकदा रडू येतं, पण यावेळी वेलांटीमुळे.

शांतवन साळवे हे पूर्ण नाव. शांतवन म्हणजे सांत्वन. हे नाव ठेवताना त्यांच्या आईवडिलांच्या मनात काय होतं देव जाणे, पण या माणसाने कुणाचं सांत्वन केल्याची नोंद आमच्या चर्चच्या मंडळीत नाही. नोकरीभर ते एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. छापखान्याने त्यांना साठाव्या वर्षी नारळ दिला. त्यांनी मात्र तपासणं चालू ठेवलं. फक्त कागद संपले आणि आम्ही सापडलो.

रविवारच्या उपासनेला काका पहिल्या बाकावर बसतात. मांडीवर शास्त्र असतं, पण ते उघडायची गरज पडत नाही, कारण सगळं पाठ आहे. आमचे पाळक तरुण आहेत, उत्साही आहेत आणि आकड्यांत कच्चे आहेत. एकदा ते स्वर्गातल्या संपत्तीवर बोलत होते. पृथ्वीवरच्या संपत्तीला कसर लागते, स्वर्गातलीला लागत नाही, असा मुद्दा छान रंगला होता. बायका डोळे पुसत होत्या. तेवढ्यात पाळक म्हणाले, "मत्तयच्या सातव्या अध्यायात..."

काकांची तर्जनी वर गेली.

"सहाव्या," काका म्हणाले.

"हो, सहाव्या. तर बंधुभगिनींनो..."

"एकोणिसाव्या वचनापासून."

बायकांचे डोळे कोरडे झाले. पाळकांना पुढचं काही आठवेना. त्यांनी घाईघाईने गीत सांगितलं, आणि गीताचा क्रमांकही चुकला. काकांनी तोही सांगितला.

लग्नांत तर या माणसाला बोलावूच नये. एकदा आमच्याच गल्लीतल्या भालेरावांच्या घरी लग्न होतं. पत्रिकेवर वर वचनाचा क्रमांक छापायची आमच्यात पद्धत आहे. भालेरावांना स्तोत्र एकशे सत्तावीस छापायचं होतं, लेकरं ही देवाची देणगी, त्या अर्थाचं. छापून आलं एकशे सदतीस. कुणी बघत नाही हो पत्रिकेवरचे आकडे! काकांनी बघितले, आणि हॉलच्या दारात वरपित्याला थांबवून खणखणीत आवाजात सांगितलं, "भालेराव, तुमच्या पत्रिकेत असं आहे की, आपल्याला कैद करून नेणारे वरून आपल्यालाच गाणी म्हणायला लावतात." त्याच क्षणी बँड सुरू झाला. खुर्चीत बसलेल्या नवरदेवाचा तो चेहरा मला आजही आठवतो.

मी विंचूरला एका वाइनच्या कारखान्यात कामाला आहे. काही वर्षांपूर्वी नाताळला एक बाटली काकांकडे मुद्दाम नेली, निव्वळ खोड काढायला. आता संयमावर प्रवचन ऐकायला मिळणार म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. काकांनी बाटली फिरवली, भिंग लावलं. म्हणाले, "विजू, हानिकारकमध्ये 'नि' ऱ्हस्व पाहिजे. तुमच्याकडे दीर्घ आहे." बस्स. नाही शिवी, नाही उपदेश. मी बाटली परत घेऊन आलो.

माझं आणि त्यांचं वैर तसं जुनं. लहानपणी मी त्यांच्या संडे स्कूलमध्ये होतो. बाकीचे शिक्षक चित्रं रंगवायला द्यायचे, काका पाठांतर घ्यायचे. वचन बिनचूक म्हटलं की लिमलेटची एक गोळी, एक चूक झाली की अर्धी. अर्धी म्हणजे खरोखर अर्धी, पितळी वजनाने समोर फोडून दिलेली. "गुंतवा रे, गुंतवा," हे त्यांचं पालुपद. "आत्ता डोक्यात जागा आहे. नंतर ती भलत्यासलत्या गोष्टींना भाड्याने जाते. म्हातारपणी रिकामं डोकं घेऊन बसलात तर खाल काय?" आम्ही आठ-नऊ वर्षांची पोरं. आम्हाला म्हातारपणाची कसली काळजी दाखवता? मी काकांच्या वर्गात काय गुंतवलं असेल तर ते रविवार.

तीन वर्षांपूर्वी माझे वडील गेले. दगड मी चांगला काळा ग्रॅनाइटचा केला, अक्षरं चंदेरी. वर लिहून घेतलं, 'पुनरूत्थानाच्या आशेने विसावलेले'. दगड बसवला शुक्रवारी. शनिवारी संध्याकाळी बेल वाजली.

"एक लहानशी दुरुस्ती होती," काका म्हणाले. "पुनरुत्थानातला 'रु' ऱ्हस्व आहे. तू दीर्घ केलास."

"असू द्या, काका."

"असू द्या कसं? वडिलांचं पुनरुत्थान तू लांबवलंस, विजू."

आई आतल्या खोलीत होती. तिने ते ऐकलं. त्या क्षणी मी ठरवलं, की दगड जन्मात बदलायचा नाही. चूक मलाही दिसत होती. पण काही चुका माणूस हट्टाने सांभाळतो, आणि मी ही पोटच्या पोरासारखी सांभाळली. काका पुढची तीन वर्षं आठवण करत राहिले. बाजारात भेटले तरी, "त्या 'रु'चं काय झालं?" देवळालीच्या बसमध्ये, पाच बाक पलीकडून, "विजू, तो 'रु' अजून तसाच आहे!" प्रवासी माझ्याकडे असे बघायचे, जणू मी कुणाचं काहीतरी ढापलंय.

मग यंदाचा ईस्टर आला.

ईस्टरला आम्ही उजाडता उजाडता कबरस्तानात जमतो. उपासना तिथेच होते, मग जो तो आपापल्या माणसाच्या कबरीवर फुलं वाहतो, आणि फाटकाशी चहा असतो. मी आईला घेऊन वडिलांच्या कबरीपाशी गेलो. झेंडूच्या पाकळ्या पसरल्या, मेणबत्ती लावली, आणि वाकलेलो असतानाच माझं लक्ष गेलं. 'पुनरूत्थान' हे 'पुनरुत्थान' झालं होतं. कुणीतरी दीर्घ रूच्या शेपटात काळी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली होती, ती घासून गुळगुळीत केली होती आणि वर चंदेरी रंगाने नवं, आखूड शेपूट काढलं होतं. काम इतकं बेमालूम होतं, की तीन वर्षं त्या अक्षराचा तिरस्कार केला नसता तर मला कळलंही नसतं.

माझं डोकं फिरलं. माझ्या बापाच्या दगडाला हात लावायचा अधिकार या माणसाला दिला कुणी? मी कबरस्तानाच्या राखणदाराला, सोमनाथला गाठलं.

"साळवे बाबा होते का इथे, लांबी-बिंबी घेऊन?"

"व्हय, दोन शनवार बसले व्हते," सोमनाथ म्हणाला. "लय निगुतीनं केलं. म्या म्हनलं, बाबा, उन्हात चक्कर यील. तर म्हने, पोराला जड जातंय, आपन करू."

पोराला जड जातंय! मी आणखी पेटलो. काका कुठे आहेत विचारलं. सोमनाथने मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "बाईपाशी."

बाई म्हणजे सुमनकाकू, काकांची बायको. त्या मागच्या दिवाळीच्या सुमारास गेल्या. त्याआधी चार-पाच वर्षं आजारी होत्या. आठवण गेली होती त्यांची, माणसं ओळखत नसत. त्या काळात काका कुणाला घरात घेत नसत, दारातूनच बोलून पाठवत. मूलबाळ नव्हतं. मातीला मी गेलो होतो, पण नंतर बसवलेला दगड पाहिला नव्हता.

मी तरातरा तिकडे निघालो. काका पाठमोरे उभे होते. दगड लहान होता, साधा शहाबादी. नाव, आणि खाली तेविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही', ही ओळ आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही येते. मलाही अर्ध्या गोळीच्या मोलाने आली होती. मी ती वाचली, आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर आनंदाने काटा आला. ओळीत चूक होती! जिथे 'मला' पाहिजे, तिथे चक्क 'आम्हांला' कोरलेलं होतं.

मंडळीतले आठदहा जण आसपास होते, भालेरावही होते. याहून चांगली वेळ येणार नव्हती. मी घसा साफ केला.

"काका," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "एक लहानशी दुरुस्ती होती."

काका वळले.

"दुसऱ्यांचे दगड तपासता, रंगवता. आणि घरच्याच दगडावर ही चूक? 'मला' आहे ते, काका. 'आम्हांला' नाही. एकवचन!"

भालेराव हसले. अजूनही कुणी हसलं. काकांनी चष्मा काढला, मफलरच्या टोकाने पुसला आणि परत लावला.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "एकवचनच आहे. मीच सांगून तसं कोरून घेतलं. तो कारागीरही म्हणाला होता, बाबा, चुकतंय."

"मग?"

"ती तसंच म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हापासून. रोज संध्याकाळी प्रार्थनेला बसलो, की मी म्हणायचो 'मला' आणि ही म्हणायची 'आम्हांला'. किती वर्षं दुरुस्त केलं असेल मी! मला म्हणायची, मेंढपाळ काय एकट्याचाच आहे का? घरात दोघं राहतो आणि मागताना एकट्यापुरतं मागू?" काका दगडाकडे बघून म्हणाले. "मी तिला म्हणायचो, सुमन, शास्त्रात बदल करायचा नसतो. चिडायचो मी. तू पाहिलंयस मला चिडलेलं."

आता कुणी हसत नव्हतं.

"मग तिची आठवण गेली. आधी गावं गेली, मग माणसं, मग मी. मला साहेब म्हणायची. साहेब, तुम्ही कुणाकडे आलात? घरी कधी जाणार? असं रोज. पण एक होतं, विजू. मी वचनाची सुरुवात केली की पुढचं ती पुरं करायची. तोंडातून आपोआप यायचं. अध्यायच्या अध्याय. जेवली का ते आठवत नव्हतं, पण ते सगळं जागच्या जागी होतं. आम्ही तसेच बोलायचो मग. दुसरं बोलायला उरलंच नव्हतं काही. चार वर्षं त्यावर संसार केला आम्ही."

काकांनी दगडावरची एक पाकळी उचलली आणि बाजूला ठेवली.

"एके दिवशी तिला ताप होता. पडून होती. मी आपला एकटाच हे स्तोत्र म्हणत होतो, बरोबर म्हणत होतो. 'मला' म्हणालो. तर हिने डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाली, साहेब, 'आम्हांला' म्हणा. तुमच्या घरी कुणी नाही का?"

भालेराव हळूच आपल्या माणसांच्या कबरीकडे निघून गेले, बाकीचेही पांगले. आई लांबून माझी वाट पाहत होती.

"तुझ्या वडिलांच्या दगडाला न विचारता हात लावला," काका म्हणाले. "रागावला असशील."

"नाही," मी म्हणालो. जे खोटं होतं, ते म्हणता म्हणता खरं झालं.

काका पुन्हा दगडाकडे वळले. मला वाटलं, बोलणं संपलं. मी जायला निघालो, तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"विजू, घाई आहे का?"

"नाही, काका."

"नाही म्हणजे... हे स्तोत्र मी इथे येऊन म्हणतो रोज. शनिवारी तर दोनदा. पण ते 'आम्हांला' एकट्याने म्हटलं की जीभ अडते. खोटं बोलल्यासारखं वाटतं." ते अवघडून हसले. "तू नुसता बाजूला उभा राहिलास तरी चालेल."

मी उभा राहिलो. काकांनी सुरुवात केली. पहिली ओळ मला येत होती, ती मीही म्हणालो, आणि तो शब्द आम्ही दोघांनी मिळून म्हटला, दगडावर कोरला होता तसाच. पुढचं मी कधीच विसरून गेलो होतो. काका डोळे मिटून म्हणत राहिले आणि ते संपवेपर्यंत मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो.