सव्वादोनचा माऊस

कुमाररावांनी आयुष्यात एकच निर्णय बायकोला न विचारता घेतला, आणि तो माऊस विकत घेण्याचा होता. घरात कॉम्प्युटर नव्हता. (मिक्सरसुद्धा आदल्याच वर्षी आला होता.) पण माणसाच्या पोटात एकदा आग पडली की ती विझवायला तो हाताला लागेल ते उचलतो.

कुमारराव नावाने कुमार आणि पोटाने तात्या. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर्सचे हेडक्लार्क. स्वभाव अत्यंत काटेकोर. त्यांच्या स्टोअर्समध्ये प्रत्येक ड्रमचं लेबल दाराकडे तोंड करून उभं असे. घरी मात्र त्यांचं काही चालत नसे. नव्या पनवेलमधल्या त्यांच्या ब्लॉकमध्ये सुमतीबाईंचा कारभार सगळा उलटा. कढईची दांडी गॅसवर कायम डावीकडे. विळी ओट्याच्या भलत्याच कोपऱ्यात. सकाळी सुमतीबाई शेजारी उभ्या राहून चहा ठेवत, तर कपाचा कान डावीकडे. कुमारराव तो कान रोज न चुकता उजवीकडे वळवत आणि म्हणत, "आमच्याकडे असा माल लावला असता तर मेमो मिळाला असता."

"मग जा, तिकडेच प्या चहा," सुमतीबाई म्हणत.

असा हा सुखाचा संसार चालला असताना सत्त्याण्णव साली सुमतीबाईंच्या पतसंस्थेत कॉम्प्युटर येणार असं ठरलं, आणि संस्थेने त्यांना जुन्या पनवेलात, लाईन आळीतल्या एका कॉम्प्युटर क्लासला घातलं. तिथे विश्वजीत नावाचे सर होते. वय तिशीच्या आत, गळ्यात टाय आणि डोक्यावर सगळेच्या सगळे केस. (या शेवटच्या मुद्द्यावर कुमाररावांचं मत पहिल्यापासूनच चांगलं नव्हतं.)

पहिला आठवडा सुमतीबाई मनगटाला बाम चोळत घरी आल्या. "मेला तो माऊस! इकडे न्यावा तर तिकडे जातो."

"सवय होईल," कुमारराव पेपरातून म्हणाले. ते वाक्य त्यांना पुढे फार महागात पडलं.

कारण दुसऱ्या आठवड्यात सुमतीबाई गुणगुणत घरी आल्या.

"मनगट कसं आहे?" कुमाररावांनी विचारलं.

"अहो, गेलंच दुखणं! सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. जरा वेळ नुसतं बघत राहिले, आणि म्हणाले, मॅडम, तुमचा हात वेगळा आहे."

कुमाररावांनी कप खाली ठेवला. "वेगळा म्हणजे?"

"म्हणाले, माझ्या हे आधीच लक्षात यायला हवं होतं. आणि लगेच स्वतःचा माऊस काढून मला दिला. काय छान बसतो हातात! मी तर म्हटलं, सर, इतक्या वर्षांत हे कुणी..."

इतक्यात गॅसवर दूध उतू गेलं, सुमतीबाई धावल्या, आणि वाक्य तिथेच राहिलं. पुढचं वाक्य कुमाररावांनी मनातल्या मनात पूर्ण केलं. इतक्या वर्षांत हे कुणी म्हणालं नव्हतं!

खरंच म्हणालं नव्हतं. त्यांनी आठवून पाहिलं. लग्नापासून आजवर सुमतीबाईंच्या हाताविषयी त्यांनी काढलेले उद्गार एकच, "मिठाला जरा हात आखडता घे."

रात्रीच्या जेवणाला त्यांनी विषय काढला. "सरांचं लग्न झालंय का?"

"नाही हो. पुण्याहून एकटेच आलेत, खानावळीत जेवतात बिचारे."

'बिचारे' हा शब्द कुमाररावांना भाकरीतल्या खड्यासारखा लागला.

"बाबा, तुम्हाला काय त्यांना स्थळ सुचवायचंय?" अनुयाने विचारलं. ही त्यांची कॉलेजात जाणारी कन्या. आईसारखी हसते आणि बापाला हसते.

दुसऱ्या दिवशी कुमारराव हाफ डे टाकून लाईन आळीत पोचले. जिना चढले. दारावर पाटी होती, 'चपला-बूट बाहेर काढावेत. धूळ कॉम्प्युटरला घातक आहे.' कुमाररावांनी डावा बूट काढला, आणि मोज्याच्या भोकातून त्यांच्या अंगठ्याने बाहेर डोकावून पाहिलं. त्यांनी बूट परत घातला. शत्रूच्या छावणीत अंगठा दाखवत कोण शिरणार? म्हणून त्यांनी दाराच्या काचेला नाक लावलं.

आत गारेगार एसी. सुमतीबाईंची पाठ दिसत होती. सर त्यांच्या खांद्यावरून वाकून पडद्यावर काहीतरी दाखवत होते. हात मात्र दिसत नव्हता, सरांचा कोट मधे येत होता. (ऑक्टोबरात पनवेलला कोट घालणारा माणूस सरळ मनाचा असूच शकत नाही, अशी नोंद कुमाररावांनी तिथल्या तिथे केली.) मग सुमतीबाई काहीतरी जमल्यासारख्या खुदकन हसल्या. सर म्हणाले, "वा, मॅडम!" काचेवर कुमाररावांच्या श्वासाची वाफ धरली आणि पुढचं दृश्य पुसून गेलं.

जिना उतरता उतरता त्यांचा निर्णय झाला. माऊसच हवा ना? त्या सरड्याच्या माऊसपेक्षा दसपट आरामदायी माऊस आपण आणू. पाडवा जवळ आलाय. ओवाळणीच्या ताटात घालू. आणि फराळाला सरांनाही बोलवू. बघू दे त्याला डोळ्यांनी, या हाताची काळजी घेणारा माणूस घरात बसलेला आहे!

पण एक अडचण होती. आरामदायी म्हणजे हाताच्या मापाचा. आणि सुमतीबाईंचा हात केवढा, हे काही केल्या त्यांच्या डोळ्यांसमोर येईना. पोळ्या दिसत होत्या, लाटणं दिसत होतं, हात दिसत नव्हता. कोणत्या गोडाऊनमध्ये कोणता वॉशर किती मिलिमीटरचा हे झोपेत सांगणारा माणूस बायकोच्या तळहातापाशी अडला.

आणि मग त्यांना बांगडी सुचली. बांगडी जाते तळहातावरून. माऊस बसतो तळहाताखाली. तेव्हा जो माऊस बांगडीतून जेमतेम पार होईल तो सुमतीच्या हाताचा! स्वतःच्या बुद्धीवर ते इतके खूश झाले की ड्रेसिंग टेबलवरच्या डबीतली मुलाम्याची एक बांगडी उचलताना त्यांनी इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. सव्वादोनची होती.

कापड गल्लीत त्यांनी घाम पुसायला रुमाल काढला आणि बांगडी टणटणत रस्त्यावर गेली. ती उचलली शेजारच्या चंद्रावतीकाकूंनी.

"अगंबाई, कुमारभावजी! ही तर सुमतीवहिनींची. माप वाटतं?"

"हो. माप. पण घरी बोलू नका. पाडव्याचं आहे."

"छे हो! माझ्या तोंडून एक शब्द निघायचा नाही."

(चंद्रावतीकाकूंच्या तोंडून एक शब्द कधीच निघत नसे.)

कॉम्प्युटरचं दुकान होतं दत्ताचं. हा मूळचा जवळच्याच रोडपाली गावचा. काउंटरवर पुढे प्रिंटरच्या रिबिनी आणि मागे गणपतीचा फोटो. फोटोतला उंदीर पाहून कुमाररावांना शुभशकुन वाटला.

"माऊस दाखवा. आरामदायी."

"कंप्युटर कंचा हाय साहेब तुमचा?"

"कॉम्प्युटर नाही. नुसता माऊस."

दत्ताने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हंजे बैल नाय, नुसता कासरा पायजे."

"तुम्ही दाखवा हो!"

दत्ताने काउंटरवर माऊस मांडले. कुमाररावांनी खिशातून बांगडी काढली आणि एकेक माऊस तिच्यातून ओवायला सुरुवात केली. पहिला अडकला. दुसरा सुळकन पडला. तिसऱ्याला ते जरा तिरपा करून, कासारासारखे हळूहळू दाबून पाहू लागले.

"काय करताव साहेब?"

"माप बघतोय."

"आमी उंदराला पिंजरा लावतो," दत्ता शेजारच्या झेरॉक्सवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पन बांगड्या भरताना आजच बघितला!"

झेरॉक्सवाला आला, त्याची गिऱ्हाइकं आली. कुमारराव डगमगले नाहीत. सातव्या का आठव्या खेपेला एक माऊस बांगडीतून असा अलगद गेला की बघणाऱ्यांनीसुद्धा 'अहा' केलं. एका अंगाला फुगीर, दुसऱ्या अंगाला अंगठ्यासाठी खाच.

"इम्पोर्टेड हाय. हात ठेवला का झोप येते. पन साहेब, गेलेला माल परत नाय."

"परत कशाला आणू?" कुमारराव म्हणाले.

त्या दिवसापासून सुमतीबाई बदलल्या. गुणगुणणं वाढलं. चकल्या तळताना थांबून मनगटाकडे बघायच्या. नवीन ब्लाऊज शिवायला टाकला, तोही कोपरापर्यंत बाह्यांचा नव्हे, आखूड. "हात मोकळा दिसायला हवा ना," असं त्या अनुयाला म्हणाल्या, तेव्हा कुमाररावांनी देवळीतली निरांजनं उगीचच मोजली. हात मोकळा! कुणाला दिसायला? वर, सरांना फराळाला बोलवायचं का, असं त्यांनी विचारताच सुमतीबाई एकदम म्हणाल्या, "बोलवा की! चांगली माणसं असलेली बरी त्या वेळी."

कुमाररावांना त्या दिवशी अनारसा कडू लागला.

पाडव्याच्या संध्याकाळी सर आले. कोटात. मागोमाग चंद्रावतीकाकू "सहजच" आल्या. पाट मांडला, रांगोळी झाली, सुमतीबाईंनी ओवाळलं. कुमाररावांनी सरांकडे एक नजर टाकली आणि चमचमत्या कागदातला खोका ताटात ठेवला.

"इश्श, एवढा मोठा?" सुमतीबाई म्हणाल्या.

"पूर्ण सेट असेल," चंद्रावतीकाकू पुटपुटल्या.

कागद निघाला. खोका उघडला. सुमतीबाईंनी आत बोटं घातली आणि शेपटी धरून माऊस वर काढला. तो निरांजनावर लोंबकळत राहिला.

"आरामदायी आहे," कुमारराव म्हणाले. "इम्पोर्टेड."

सुमतीबाईंनी खोका उलटा करून झटकला. "आणि बांगड्या?"

"कसल्या बांगड्या?"

"मापाला नेली होतीत ना?" चंद्रावतीकाकूंना आता राहवेना. "माझ्याशी खोटं बोललात, भावजी?"

"नेली होती. ती... माऊस तिच्यातून जातो का बघायला."

अनुया सोफ्यावर आडवी झाली. सुमतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते कोणत्या प्रकारचं हे कळायच्या आत कुमाररावांनी सरांकडे वळून छाती काढली. "बघा, सर. तुमच्या माऊसपेक्षा छान बसेल."

विश्वजीत सरांनी माऊस हातात घेतला, उलटसुलट पाहिला. "उत्तम आहे काका." ('काका' ऐकून कुमारराव एक पायरी खाली आले.) "फक्त हा उजव्या हाताचा आहे."

"मग? माऊस काय डाव्या हाताने धरतात?"

"मॅडम धरतात ना."

"का?"

सर गोंधळले. त्यांनी सुमतीबाईंकडे पाहिलं, मग कुमाररावांकडे. "मॅडम डावखुऱ्या आहेत. उजव्या हाताने मनगट दुखायचं. मी म्हटलं, तुमचा हात वेगळा आहे, आणि माऊस डावीकडे ठेवला. माझा दोन्ही बाजूंनी सारखा होता, म्हणून तो दिला. तुम्हाला त्या बोलल्या असतील."

"दूध उतू गेलं," कुमारराव क्षीणपणे म्हणाले.

मग सुमतीबाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "तू डावखुरी आहेस? कधीपासून?"

"जन्मापासून! शाळेत गुरुजींनी पट्ट्या मारून लिहिणं तेवढं उजवं केलं, आणि आईने जेवणं. बाकी सगळं डावंच आहे."

"भावजी, रांगोळी बघितली नाहीत कधी? सरळ डाव्या हाताने काढतात," चंद्रावतीकाकू म्हणाल्या.

"बाबा, दूधवाल्यालासुद्धा माहितेय. तो पातेलं त्या बाजूने मागतो," अनुया उशीत तोंड खुपसून म्हणाली.

कुमाररावांच्या डोळ्यांपुढून कढईची दांडी गेली, विळी गेली, रोज वळवलेले कपाचे कान एकामागून एक गेले. माल बरोबर लावलेला होता. तपासणारा उलटा उभा होता.

"आणि ही बांगडी," सुमतीबाईंनी त्यांच्या खिशातून ती काढून घेतली, "माझ्या उजव्या हातातली. डाव्यात शिरतसुद्धा नाही. डावा अडीचचा आहे." एवढं बोलून त्या पदरात तोंड लपवून हसू लागल्या. हसता हसता थांबल्या आणि म्हणाल्या, "पण दुकानात बसून बांगडीतून माऊस ओवलात? माझ्यासाठी?"

"आठ माऊस," कुमारराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाचा कान वळवला नाही. डाव्या हाताने कप उचलला आणि मग ऑफिसचा ओला शर्ट बदलला. तुळशीच्या लग्नाआधी सोन्याच्या बांगड्याही झाल्या. मापाला या वेळी सुमतीबाई स्वतः, दोन्ही हात घेऊन, आल्या होत्या.

राहता राहिला माऊस. जानेवारीत तळोज्याच्या स्टोअर्समध्येही कॉम्प्युटर येणार असं कळलं, तेव्हा कुमाररावांनी नवे मोजे घेतले आणि लाईन आळीतल्या क्लासमध्ये नाव घातलं. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःचा माऊस डब्याच्या पिशवीतून काढला आणि त्यावर हात ठेवून बसले. दोन खुर्च्या पलीकडे सुमतीबाईंच्या डाव्या हातात नव्या बांगड्या किणकिणत होत्या.

विश्वजीत सर येऊन खुर्चीमागे उभे राहिले. जरा वेळ नुसतं बघत राहिले. आता म्हणणार. कुमाररावांनी बोटं जरा पसरून, तळवा किंचित उचलून धरला.

"काका," सर म्हणाले, "तुमचा हात अगदी सर्वसाधारण आहे. तुम्हाला कुठलाही माऊस चालेल. फक्त हा नको, हा बायकांच्या मापाचा दिसतोय."