होडी उलटवण्याची परीक्षा

ग्रंथपालनाच्या एम.ए.चा अर्ज भरताना मार्लिस एंगेब्रेटसन एका रकान्यापाशी अडली. आजवर कुठल्याही कॉलेजात घेतलेला प्रत्येक विषय निकालासकट कळवायचा होता.

"यात होडी पण धरायची का रे?" तिने नवऱ्याला विचारले.

ड्युएन गाडीवरचा बर्फ खरवडून नुकताच आत आला होता. "कसली होडी?"

"लग्नाआधी तळ्याकाठच्या कॉलेजात वल्हवायचा वर्ग लावला होता. परीक्षेला होडी मुद्दाम उलटवून परत आत चढायचं. मी पाण्यात बोट घातलं, गार लागलं, तशीच घरी आले."

"मग लिहूच नकोस. कोण बघायला येतंय?"

पण चर्चच्या जेवणाला प्रत्येकाने घरून पदार्थ न्यायचा, तिथून परतताना आपल्या भांड्यावर चुकून दुसऱ्याचे झाकण आले, तरी आठवडाभर बेचैन राहणारी ही बाई. तिने लिहिले.

विद्यापीठाने लगेच कळवले, "एक निकाल अपूर्ण आहे. महिनाअखेर पूर्ण करा, नाहीतर अर्ज बाद." शाळेच्या ग्रंथालयात इतकी वर्षे मदतनीस म्हणून काढल्यावर हा अर्ज बाद होणे तिला परवडणारे नव्हते. तिने जुन्या कॉलेजला फोन लावला.

"शिक्षक हयात असतील तर परीक्षा देता येते," तिथल्या बाई म्हणाल्या. "नियमात मुदत घालायची राहूनच गेलीये बघा."

"आणि टोलेफस्रूड सर?"

"आहेत की. काल बर्फाला भोक पाडून मासे धरत बसले होते."

सरांनी फोनवर सगळे ऐकून घेतले. "परीक्षा ठरली तीच. होडी मी आणतो."

"सर, तळं गोठलंय. लोक त्यावरून ट्रक नेतायत."

"मग हायस्कूलचा पोहण्याचा तलाव."

हायस्कूलच्या बंदिस्त तलावात शनिवारी वयस्क बायकांचा पाण्यातला व्यायाम असे. होडी आत येताना पाहून त्या कडेला सरकल्या, पण बाहेर काही निघाल्या नाहीत.

"बुडू नकोस गं मार्लिस," एकजण म्हणाली, "मी राखून ठेवायला सांगितलेलं पुस्तक तुझ्याकडेच आहे."

मार्लिसने होडी झोकात उलटवली. पाणी चक्क कोमट होते. चढताना पहिल्यांदा हात निसटला. दुसऱ्यांदा ती या बाजूने चढून त्या बाजूने पडली. मग तिने दात आवळले, पोटावर सरपटत आत शिरली आणि वल्हे डोक्यावर धरून बसली. बायकांनी पाण्यावर थपडा मारून तलाव दणाणून सोडला.

सरांनी कागदावर 'बी' लिहिले. "चढताना कोपर टेकलं," ते म्हणाले.

काही आठवड्यांनी विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले. ड्युएनने मार्लिसच्या बहिणीला फोन लावून तो मार्लिसच्या हातात दिला. "सांग सगळं."

"बी दिलाय गं त्या म्हाताऱ्याने," मार्लिस म्हणाली. "कोपर टेकलं म्हणे. बर्फ वितळू दे, परत बसणार आहे मी परीक्षेला."

"अगं, पण एम.ए.चं काय झालं?"

"ते मिळालं. तू आधी कोपराचं ऐक."