आबांचा काटा

“दोन शेर वजनापायी आबांनी याला नावेतून उतरवले आणि हातातला चषक घालवला,” असे आमचे नाना परवा स्नेहसंमेलनात माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते. सभागृह हसले. नाना त्या नावेत माझ्या पुढच्या वल्ह्यावर होते, एवढ्यावरून त्यांना सारे दिसले असे होत नाही. उतरवला गेलो तो मी. तेव्हा सांगण्याचा पहिला अधिकार माझा.

आबा रंकाळ्यावर आमच्या कॉलेजच्या नावा सांभाळीत आणि आम्हांला वल्हवायला शिकवीत. माणसाची ओळख ते वजनावरून ठेवीत. लग्नाच्या मांडवात भेटलेल्या व्याह्यांनाही, “पावणं, दोन मण भराल की! जेवूनच आलासा व्हय?” असे विचारीत. नावघरात त्यांनी गुळाच्या वखारीतला जुना काटा टांगला होता. दर शनिवारी त्याच्या पारड्यात बसणे आम्हांला सक्तीचे. बाजारात मात्र ते दुकानदारांच्या हातांकडे डोळे वटारून ओरडत, “अंगठा काढा! पारड्याला अंगठा लावून तोलतासा, लाज न्हाय वाटत?”

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षे झाली असतील. विषमज्वरातून मी उठलो तेव्हा माझ्या पावणेदोन मणांतले, म्हणजे सत्तर शेरांतले, अकरा शेर गळाले होते. डॉक्टरांनी हलक्या सरावाची मुभा दिली. नावेचा तोल जाऊ नये म्हणून आबांनी अकरा शेर गूळ फडक्यात बांधून माझ्या पायांशी ठेवला. पुढे दर शनिवारी माझे जेवढे वजन वाढे, तेवढा गूळ ते कोयत्याने तोडून माझ्या हातावर ठेवीत. “ह्यो तूच हायस. घरी जाऊन खा.”

नाना हे वेड म्हणून रंगवून सांगतात. माझ्या मांडीवर चढलेल्या मुंग्याही विसरत नाहीत. पण धडधाकट बदली गडी रोज काठावर उभा असे आणि सरावात आबांनी त्याला एकदाही माझ्या जागी बसवले नाही, हे ते सांगत नाहीत.

शर्यतीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांनी नाडी पाहिली. “सराव ठीक. शर्यत नको. छाती सावरलेली नाही.” मी सर्वांदेखत भांडलो. आबा वैतागून म्हणाले, “काट्यावर बस, मग बोल. पावणेदोन मण भरलास तर शर्यतीला तूच.” मी भरणार नाही, अशी त्यांची खात्री होती. तिथेच ते चुकले. आठ दिवस आई वाढत गेली आणि मी खात गेलो. शर्यतीच्या सकाळी वाटेवरच्या वखारीत वजन करून घेतले: पुरते पावणेदोन मण.

नावघरात मात्र दोन शेर कमी भरले.

“काटा खोटं बोलत न्हाय,” आबा नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाले. पण तळ्याकडे बघत. बदली गडी बसला. अर्ध्या नावेच्या अंतराने हरलो. त्या चषकासाठी आबांनी कित्येक वर्षे नावघरातली एक फळी मोकळी ठेवली होती; ती मोकळीच राहिली.

आबांच्या हयातीत मी बोललो नाही. आता नानांनी ऐकावे. त्या सकाळी मी पारड्यातून उतरलो तेव्हा उरलेला दोन शेर गूळ आबांनी माझ्या ओंजळीत ठेवला. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर वजनांच्या पारड्याच्या काठाचा लाल वळ उमटला होता.