जांभळाचा मुक्काम

इमारत पाडून नवी होईपर्यंत आवारातल्या झाडाने कुणाच्या भाड्याच्या घरी राहायचं, हे नगरपरिषदेच्या नियमाप्रमाणे झाडानेच ठरवायचं असतं. आणि मधुमालती सोसायटीतल्या जांभळाने लीना पारसनीसचं नाव घेतलं.

प्रमिलाबाई कर्णिकांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. उन्हाळ्यात बादल्या त्यांनी ओतल्या होत्या. कीड लागली तेव्हा तंबाखूचं पाणी त्यांनीच फवारलं होतं. सुनावणीला त्या ठेवणीतली इरकल नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या, आणि भाड्याच्या घरातली हवेशीर खोली रिकामी करून आल्या होत्या.

"साहेब, पुन्हा विचारा त्याला," त्या म्हणाल्या. "ही लीना त्याला तोडायला निघाली होती. गाडीवर डाग पडतात म्हणून!"

वृक्ष अधिकारी टिपणीस झाडाकडे वळले. "आपण पूर्ण विचार केला आहे ना?"

"हो," जांभूळ म्हणालं. "प्रमिलाताईंनी माझं फार केलं. पण त्या पाणी घालायच्या आणि जायच्या. लीनाताई रोज खिडकीतून भांडायच्या. त्यांच्यावाचून मला करमणार नाही."

"कारण नियमात बसतं," टिपणीस म्हणाले आणि सुनावणी संपली.

सोमवारी जांभूळ लीनाच्या घरी राहायला गेलं. जिन्याच्या वळणावर फांद्या अडकल्या. प्रमिलाबाईंचं भाड्याचं घर रस्त्यापलीकडेच होतं, त्यामुळे त्यांना सगळं दिसत होतं. अगं, बुंध्याला धर, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी खिडकी लावून घेतली.

मग रोजचंच झालं. लीना ओल्या फडक्याने पानं पुसायची, पुसता पुसता बडबडायची, आणि जांभूळ हलून हलून हसायचं. प्रमिलाबाई लावलेल्या खिडकीच्या काचेतून बघत राहायच्या.

एकदा भाजी घेताना लीना भेटली. "काकू, या ना घरी. ते तुमची आठवण काढतं."

"मला कुठला गं वेळ," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि नको असलेली मेथी घेऊन परतल्या.

पुढच्या आठवड्यात मागच्या गल्लीतला एक बंगला पाडायला काढला. तिथल्या शेवग्याला न्यायला कुणीच आलं नव्हतं. प्रमिलाबाई गेल्या आणि त्याला घेऊन आल्या. पोरगा किडकिडीत होता, वाऱ्याला घाबरायचा. त्यांनी त्याला रस्त्याकडच्या गॅलरीत उभं केलं.

"सरळ उभा राहा की जरा! आणि ही फुलं कोण झाडणार, तुझा बाप?" त्या रोज सकाळी ओरडायच्या. आवाज पलीकडे नीट पोचायचा.

शेवग्याला येऊन आठेक दिवस झाले असतील, तोच टिपणीस दारात हजर.

"जांभळाची हरकत आली आहे, मॅडम."

"कशाबद्दल?"

"आपण शेवग्याशी भांडता. इतक्या वर्षांत जांभळाशी मात्र असं कधीच भांडला नाहीत, असं त्याचं म्हणणं आहे."

प्रमिलाबाईंनी त्यांना आत बसवलं. आलं किसून चहा टाकला.

"आणखी काय म्हणालं? सगळं सांगा. सावकाश सांगा."

"शेवग्याचं लाकूड ठिसूळ असतं म्हणालं. असल्या झाडाचा काय भरवसा, म्हणालं."

पलीकडे जांभूळ रस्त्याकडे पाठ करून उभं होतं. लीना हातात फडकं घेऊन त्याची समजूत काढत होती.

"समेटासाठी तारीख देऊ का?" टिपणीसांनी विचारलं.

"इतक्यात नको," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्यांनी बशीत बिस्किटं काढून दिली, पदर खोचला आणि गॅलरीचं दार सताड उघडून शेवग्याला खणखणीत आवाजात हाक मारली.