प्रोफेसरांच्या मागे ग्राझची मंडळी

व्हिएन्नातले निवृत्त इतिहास-शिक्षक ओटोकार वाइडिंगर, ज्यांना सगळे प्रोफेसरच म्हणत, शेजारच्या रोझविथाबाईंना घेऊन चर्चच्या तळघरातल्या राजघराण्याच्या शवपेट्या बघायला गेले, ते लग्नाची मागणी घालायला. मेलेल्यांबद्दल बोलताना त्यांची जीभ अडखळत नसे; तिथून सुरुवात केली की पुढचंही जमेल, असा त्यांचा हिशेब. एरवी या विधवा बाईंसमोर त्यांची मजल हवापाण्यापलीकडे जात नव्हती.

जीभ खरंच सुटली. कोणती राणी सासूवर रुसली, कुणाचं काळीज काढून दुसऱ्या चर्चमध्ये ठेवलं, सगळं सांगून झाल्यावर त्यांनी वळून पाहिलं, तर मागे वीसेक माणसं. ग्राझहून सहलीला आलेली ती मंडळी आपला गाइड शोधत होती आणि त्यांना हाच तो वाटला. प्रोफेसरांनी परोपरीनं नाही म्हणून सांगितलं. मंडळींना तो राजधानीतला विनोद वाटला. प्रोफेसर तावातावानं राजवाड्याकडे सुटले, तर मंडळीही मागोमाग लगबगीनं निघाली. वाटेत एका आजीबाईंनी आपली लाल छत्री त्यांच्या हातात दिली आणि ती उंच धरायला सांगितली. रोझविथाबाई गर्दीत पार शेवटी ढकलल्या गेल्या.

राजवाड्यात एका राजपुत्राच्या लग्नाचं चित्र होतं. आजीबाईंनी विचारलं, "यानं तिला मागणी कशी घातली हो?"

हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. प्रोफेसरांनी घाम पुसला. मग चित्राकडे बघतच म्हणाले, "तो म्हणाला, बाई, मी रोज एकटा जेवतो. क्नोडलचे गोळे उकडायला पाण्यात टाकले की विरघळून त्यांचं सूप होतं. तुमच्या खिडकीत दिवा दिसला की तेही गोड लागतं. तुम्ही आमच्याकडे राहायला याल का?"

सगळ्यांच्या मागून रोझविथाबाईंचा आवाज आला, "मग ती काय म्हणाली, प्रोफेसर?"

"इतिहासात नोंद नाही," ते छत्रीआडून पुटपुटले.

"मग करून घ्या. ती म्हणाली, येईन. क्नोडल मी करीन, भांडी त्यानं घासायची."

प्रोफेसरांच्या हातून छत्री निसटली. ती आजीबाईंच्या यजमानांनी उचलली आणि हळूच बायकोला विचारलं, "त्या काळी राजपुत्र भांडी घासायचे?"

"चांगले असतील ते घासायचे," आजीबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.